महाराष्ट्रातील ॲनिमे

जपानमध्ये तयार होणाऱ्या ॲनिमेशनपटांना आणि ॲनिमेशन मालिकांना जगभर ॲनिमे असे म्हटले जाते. ‘ॲनिमेशन’ या इंग्रजी शब्दाचे जपानी उच्चारानुसार ‘आनिमेशोन’ झाले आणि पुढे त्याचे ‘आनिमे’ हे संक्षिप्त रूप रूढ झाले. जपानी भाषेत हा शब्द कोणत्याही देशाच्या ॲनिमेशनला लावतात. जपानबाहेर मात्र तो जपानी निर्मितीपुरताच वापरला जातो. अनेक ॲनिमे कृतींचा उगम ‘मांगा’ या छापील चित्रकथांमध्ये असतो.

मराठी घरांत रेखाटून हलविलेल्या प्रत्येक चित्राला सरसकट ‘कार्टून’ म्हणण्याची रीत आहे आणि कार्टून म्हणजे लहान मुलांची करमणूक, ही समजूतही तिच्याबरोबरच येते. ॲनिमे कधीही न पाहिलेल्या प्रौढ व्यक्तीला ते सुचवताना पहिली अडचण उभी राहते ती याच शब्दामुळे.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीने आपले पहिले ॲनिमे ते जपानी आहे हे ठाऊक नसताना पाहिले. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेची मोगलीवरील ५२ भागांची मालिका जपानमध्ये १९८९-९० या काळात प्रसारित झाली. १९९३ मध्ये ती हिंदी रूपात दूरदर्शनवर आली. हिंदी आवृत्तीचे शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले, विशाल भारद्वाज यांनी ते संगीतबद्ध केले आणि शेरखानला नाना पाटेकर यांनी आवाज दिला. मूळ कथेचे लेखक रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत झाला. मोगलीचे सिवनीचे जंगल विदर्भाला लागून असलेल्या पेंच परिसरातले. म्हणजे मुंबईत जन्मलेल्या लेखकाची, नागपूरच्या उत्तरेकडील जंगलात घडणारी गोष्ट टोकियोमार्गे रविवारच्या सकाळी पुन्हा महाराष्ट्रात पोचली होती.

त्याच सुमारास ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा भारत-जपान सहकार्यातून साकारलेला चित्रपट पूर्ण झाला. युगो साको हे १९८३ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावरील माहितीपटाच्या निमित्ताने भारतात आले असता रामकथेकडे आकृष्ट झाले. परकीयांनी रामाचे ‘कार्टून’ करावे याला भारतात विरोध झाला आणि अखेर चित्रपटाची निर्मिती जपानमध्येच करावी लागली. विरोधामागे पुन्हा ‘कार्टून’ या शब्दाविषयीचाच गैरसमज होता, हे नमूद करण्याजोगे आहे. साको आणि कोइची सासाकी यांच्यासमवेत दिग्दर्शनाची जबाबदारी राम मोहन यांनी सांभाळली. मुंबईतील फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडलेले राम मोहन हे भारतीय ॲनिमेशनचे आद्य शिल्पकार मानले जातात. चित्रपटाचे संगीत वनराज भाटिया यांचे होते. त्यातील संस्कृत गीते वसंत देव यांनी लिहिली. मराठी नाटके हिंदी रंगभूमीवर नेणारे अनुवादक म्हणून देव परिचित आहेत. त्या काळात या चित्रपटाला भारतीय चित्रपटगृहांत व्यापक प्रदर्शन लाभले नाही. अनेकांनी तो पुढे दूरचित्रवाणीवर पाहिला. २४ जानेवारी २०२५ रोजी तो नव्या प्रतीसह देशभरातील चित्रपटगृहांत झळकला.

सन २००० नंतर उपग्रह वाहिन्यांवरून पोकेमॉन, ड्रॅगन बॉल झी, डोरेमॉन आणि शिनचॅन ही पात्रे घरोघरी पोचली. २००४ मध्ये ॲनिमॅक्स ही केवळ ॲनिमेला वाहिलेली वाहिनी भारतात सुरू झाली.

शिनचॅनचा धडा

चुकीच्या प्रेक्षकाला सुचविलेली कृती काय परिणाम घडविते, याचे सर्वांत ठळक भारतीय उदाहरण शिनचॅनचे आहे. योशितो उसुई यांची ही चित्रकथा १९९० मध्ये प्रौढ वाचकांसाठीच्या एका साप्ताहिकात सुरू झाली. कर्जाचे हप्ते फेडणारा नोकरदार बाप, घरकामाने कावलेली आई आणि मोठ्यांचे दंभ नकळत उघडे पाडणारा पाच वर्षांचा मुलगा, असा तो मध्यमवर्गीय संसाराचा उपहास आहे. भारतात मात्र नायक लहान म्हणून मालिकाही लहानांची, असा अर्थ लावून ती मुलांच्या वाहिनीवर दाखविण्यात आली. मुले उलट उत्तरे देऊ लागली अशी पालकांची तक्रार झाली, २००८ मध्ये प्रसारण थांबले आणि पुढच्या वर्षी काटछाट करून मालिका परत आली. दोष कलाकृतीचा नव्हता आणि तक्रार करणाऱ्या पालकांचाही नव्हता. जपानमध्ये चित्रकथांची वर्गवारी ती कोणत्या मासिकात छापली जाते यावरून होते. ‘शोनेन’ म्हणजे किशोरांसाठी, ‘शोजो’ म्हणजे किशोरींसाठी, ‘सेइनेन’ म्हणजे तरुण व प्रौढ पुरुषांसाठी, ‘जोसेइ’ म्हणजे स्त्रियांसाठी. ही वर्गवारी विषयाची नसून वाचकवर्गाची आहे. कोणतीही मालिका सुचविण्यापूर्वी ती यांपैकी कोणत्या गटातली आहे एवढे पाहिले, तरी बरेच घोटाळे टळतात.

चित्रे हलत का नाहीत?

पहिल्यांदाच ॲनिमे पाहणाऱ्याची एक तक्रार ठरलेली असते : पात्रे नुसती उभी राहतात, फक्त ओठ हलतात. यामागे आर्थिक कारण आहे. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी पडद्यावरून सरकतात. ओसामु तेझुका यांनी १ जानेवारी १९६३ पासून ‘ॲस्ट्रो बॉय’ ही साप्ताहिक मालिका सुरू केली, तेव्हा दर आठवड्याला एवढी चित्रे काढणे वेळेतही बसणारे नव्हते आणि पैशातही. त्यांनी एकच चित्र तीन चौकटींपर्यंत वापरले, म्हणजे सेकंदाला फार तर आठ चित्रे. जुनी चित्रे साठवून पुन्हा वापरली. स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवून गतीचा आभास निर्माण केला. या काटकसरीतून हळूहळू एक शैली जन्माला आली. स्थिर चेहरा, लांबलेली शांतता, मागे एखाद्या कीटकाचा आवाज यांतून भाव व्यक्त होऊ लागला. कीर्तनकार मध्येच थांबतो तेव्हा श्रोत्याला काही उणे वाटत नाही. तसेच हे आहे. ही पार्श्वभूमी दोन वाक्यांत सांगितली तर नवखा प्रेक्षक पहिल्या भागात टिकतो, असा अनुभव आहे. याच तेझुकांनी पुढे गौतम बुद्धांच्या जीवनावर प्रदीर्घ चित्रकथा रेखाटली.

पहिली शिफारस

ॲनिमेच्या चाहत्यांचा सर्वसाधारण दोष असा की स्वतःला सर्वांत प्रिय असलेली कृतीच ते मित्राच्या गळ्यात बांधतात. ‘वन पीस’ ही मालिका १९९९ पासून चालू असून तिच्या भागांची संख्या ११०० च्या पुढे गेली आहे. तिचा चाहता कितीही गोड बोलला तरी नवख्याने तिथून आरंभ करणे शहाणपणाचे नाही. आधी दोन तासांचा चित्रपट आणि तो आवडल्यास बारा-तेरा भागांची मालिका, हा क्रम अधिक सुरक्षित. जपानी दूरचित्रवाणीचा हंगाम तीन महिन्यांचा असल्यामुळे बारा-तेरा भागांच्या स्वयंपूर्ण मालिका विपुल आहेत. रहस्यकथांचा वाचक असेल तर ३७ भागांची ‘डेथ नोट’ सहसा अपयशी ठरत नाही, मात्र ती मुलांसाठी नाही.

हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर टोटोरो’ आणि इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हे दोन चित्रपट १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये एकाच तिकिटावर प्रदर्शित झाले. पहिल्यात आई रुग्णालयात असताना गावी राहायला आलेल्या दोन बहिणींना झाडीत एक गलेलठ्ठ वनदेवता भेटते. दुसऱ्यात कोबे शहरावरील बॉम्बवर्षावात अनाथ झालेली दोन भावंडे उपासमारीला सामोरी जातात. एकाच चित्रपटसंस्थेच्या या दोन टोकांच्या कृती पाहिल्यावर ॲनिमे हा कथाप्रकार नसून माध्यम आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. दुसरा चित्रपट सुचविताना मात्र पूर्वसूचना देणे अगत्याचे आहे. तो हलक्या मनाने पाहण्याचा नव्हे.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा दुवा पुस्तकाच्या कपाटातच सापडतो. तेत्सुको कुरोयानागी यांचे १९८१ मधील ‘तोत्तोचान’ हे आत्मकथन चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे महाराष्ट्रातील शिक्षकांना आणि पालकांना सुपरिचित आहे. आगगाडीच्या डब्यांत भरणारी तोमोए शाळा आणि मुख्याध्यापक कोबायाशी यांचा उल्लेख आजही शिक्षणविषयक चर्चांतून होतो. या पुस्तकावरील ॲनिमे चित्रपट डिसेंबर २०२३ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला. तो शिन-एइ ॲनिमेशन या संस्थेने निर्माण केला आहे. डोरेमॉन आणि शिनचॅन याही तिच्याच निर्मिती. पोलिओ झालेल्या मित्राला झाडावर चढविण्याचा प्रसंग ज्यांनी पुस्तकात वाचला आहे, त्यांना तो पडद्यावर पाहा असे सांगताना ‘ॲनिमे’ हा शब्द उच्चारण्याचीदेखील गरज पडू नये.

भाषेचा प्रश्न

भारतात ॲनिमेचे ध्वनिमुद्रण प्रामुख्याने हिंदी, तमिळ आणि तेलुगू भाषांत होते. हिंदी ध्वनिमुद्रणाचे मोठे केंद्र मुंबई आहे, तरी त्याच शहराची भाषा या यादीत अभावानेच आढळते. मराठी प्रेक्षकापुढे उरतात ते दोन पर्याय : हिंदी आवाज किंवा जपानी आवाज आणि इंग्रजी उपशीर्षके.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागांच्या शहरात या प्रश्नाची गुंतागुंत स्पष्ट दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे सात लाख वस्तीच्या या शहरात मराठी, कोकणी मुस्लिमांची बोली, उर्दू, उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची हिंदी व भोजपुरी, तसेच पद्मशाली विणकर कुटुंबांची तेलुगू अशा भाषा शेजारीशेजारी नांदतात. अशा ठिकाणी मित्रांच्या घोळक्यात मालिका सुचवायची तर हिंदी आवृत्ती हाच व्यवहार्य मार्ग ठरतो, आणि घरी आजीला दाखवायची तर कदाचित तेलुगू. मराठी माध्यमात शिकणारे मूल आपली सर्वांत आवडती गोष्ट शाळेच्या भाषेत कधी ऐकतच नाही.

याची हानी केवळ भावनिक नाही. जपानी आणि मराठी या दोन्ही भाषांत कर्ता, कर्म, क्रियापद हाच क्रम असतो. दोन्हींत समोरच्याचे वय आणि मान पाहून बोलण्याची पातळी ठरते. जपानीत नावापुढे ‘सान’, ‘कुन’, ‘सामा’ लागते, तसे मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’, ‘राव’, ‘ताई’ आहेत. अनोळखी तरुणाला ‘ओनीसान’, म्हणजे ‘दादा’, म्हणण्याची जपानी पद्धत इंग्रजी उपशीर्षकांत ‘मोठा भाऊ’ या अर्थाने उतरते आणि प्रेक्षक नाते शोधत बसतो. मराठीत तिथे नुसते ‘दादा’ पुरले असते.

माकोतो शिंकाई यांच्या ‘युअर नेम’ (२०१६) या चित्रपटात मित्सुहा आणि ताकी यांची शरीरे अदलाबदल होतात. ताकीच्या देहातील मित्सुहा त्याच्या मित्रांशी बोलताना ‘मी’साठी मुलीचा शब्द वापरते, मित्र चमकतात, ती एकेक सर्वनाम बदलून पाहते आणि शेवटी मुलांच्या बोलीतल्या ‘ओरे’वर येऊन सुटते. इंग्रजीला हा विनोद पेलत नाही, कारण तिच्यात ‘मी’ला एकच शब्द आहे. मराठीतही ‘मी’ एकच. परंतु क्रियापद लिंग उघड करते. ‘मी वाट चुकले… म्हणजे, चुकलो’ एवढ्याने काम झाले असते. देवनागरीत ‘त्सु’, ‘र्‍यो’ यांसारखे जपानी उच्चार जवळजवळ अचूक लिहिता येतात, हा आणखी एक लाभ.

याच चित्रपटात मित्सुहाची आजी नातींना गोफासारखे रंगीत दोरे विणायला शिकवते आणि धाग्यांच्या गुंत्यातून काळाची कल्पना समजावून सांगते. मागाच्या आवाजात वाढलेल्या भिवंडीकराला हा प्रसंग समजायला उपशीर्षके लागू नयेत.

भारतीय आवृत्त्या व चित्रपटगृहे

२०१२ मध्ये कलर्स वाहिनीवर आलेली ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही २६ भागांची मालिका जपानच्या १९६०च्या दशकातील ‘क्योजिन नो होशी’ या गाजलेल्या बेसबॉल-कथेचा भारतीय अवतार होती. बेसबॉलच्या जागी क्रिकेट आणि टोकियोच्या जागी मुंबईची गरीब वस्ती आली. मूळ कथेत बाप मुलाला सरावासाठी स्प्रिंगांचा पट्टा बांधतो. भारतीय आवृत्तीत सायकलच्या ट्यूब वापरल्या गेल्या. कल्पना चांगली असूनही मालिकेने फारसा ठसा उमटविला नाही. परक्या मातीतील वेगळेपण पुसून टाकलेले ॲनिमे प्रेक्षकाला नको होते, असाही याचा एक अर्थ लावता येतो.

शिंकाई यांचाच ‘वेदरिंग विथ यू’ भारतात प्रदर्शित व्हावा म्हणून २०१९ मध्ये चाहत्यांनी ऑनलाइन विनंतीअर्ज केला. त्यावर ५०,००० हून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या आणि ११ ऑक्टोबर २०१९ रोजी चित्रपट भारतीय पडद्यावर आला. त्यानंतर २०२३ मध्ये ‘सुझुमे’ आणि २०२५ मध्ये ‘डेमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल’ यांनाही येथील चित्रपटगृहे मिळाली.