अंगणवाडी : आहाराबरोबर शिक्षणही

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षण केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. प्रथम अंगाची स्वच्छता, मग गाणी, गोष्टी व खेळ असा क्रम असे. महागड्या साधनांची जागा शिंपले, चिंचोके, पाने व माती यांनी घेतली. चिंचोके निवडता निवडता मूल मोजू लागते. मातीला आकार देताना बोटांची लेखनासाठी तयारी होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पूरक आहार व लसीकरणाबरोबर ३ ते ६ वर्षांच्या मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाचाही समावेश करण्यात आला. तपासणीत मात्र वजनाच्या व आहाराच्या नोंदींवर भर असतो. मूल बोलते किती, हे क्वचितच पाहिले जाते. पालकांना पाटीवरील अक्षरांची घाई असते, तीही अनाठायी होय.

पंचायत सदस्यांनी भेटीच्या वेळी हात धुण्यास पाणी आहे काय, खेळणी मुलांच्या हाती आहेत की कपाटात कुलूपबंद, आणि वारली वा कोरकू बोलणाऱ्या मुलाला आपल्या बोलीत उत्तर देता येते काय, हे अवश्य पाहावे.