आचारसंहिता लागली की बंदूक कुठे जाते? एका चौकटीत न मावलेल्या उत्तराची गोष्ट



या वेळचा लेख एका फसलेल्या प्रश्नावलीबद्दल आहे. माझीच होती, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

माझा पीएच.डी.चा विषय तुम्हाला माहीत आहे: वन्यप्राण्यांमुळे होणारं पिकांचं नुकसान. कर्जत तालुक्यात सर्वेक्षण चालू होतं. प्रश्न क्रमांक १४ असा होता, ‘पिकाच्या राखणीसाठी काय वापरता?’ पुढे चौकटी: कुंपण, फटाके, कुत्री, रात्रीची जागल, बंदूक. एका बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, “बंदूक हाये ताई. पण ती आत्ता ठाण्यात जमा हाये. आचारसंहिता लागलीय ना.”

आता मी टिक कुठे करायची? बंदूक आहे, परवाना आहे आणि तरीही बंदूक नाही. त्या संध्याकाळी मी ठरवलं की हा प्रश्न नीट समजून घ्यायचा. तुमच्यापैकी जे संशोधनाकडे वळणार आहात त्यांना यातून विषयापेक्षा पद्धत जास्त शिकता येईल.

आधी शब्द सोडवून घेऊ

‘बंदूकधारक’ आणि ‘शिकारी’ हे दोन शब्द आपण सहज एकत्र बोलतो. आपल्या जिल्ह्यात ते एकत्र बसत नाहीत.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचा परवाना हा प्रकारच उरला नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत आज आपल्याकडे ‘परवानाधारक शिकारी’ नावाचा वर्ग नाही. दुसरीकडे कर्जत-श्रीगोंद्याच्या माळरानावर ज्यांची ओळखच शिकारीशी जोडली गेली तो फासेपारधी समाज. त्यांचं साधन नावातच आहे: फासे. बंदूक त्यांची नव्हतीच. ती होती जमीनदाराची, पाटलाची, साहेबाची. इंग्रजांनी या समाजाला गुन्हेगार जमातींच्या यादीत घातलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय काही रद्द झाला नाही.

मग परवान्याची बंदूक आहे कुणाकडे? ढोबळमानाने तीन गट: स्वसंरक्षणासाठी घेणारे, नेमबाजीचे खेळाडू आणि पीकसंरक्षणासाठी घेणारे शेतकरी. १९५९ च्या शस्त्र कायद्यात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रं बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली.

पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. आवाज करून कळप हुसकावणं वेगळं आणि रानडुक्कर मारणं वेगळं. मारायचं असेल तर वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वन विभागाची लेखी परवानगी लागते. अकोले-संगमनेरच्या उसातला बिबट्या तर अनुसूची १ मध्ये आहे. त्याच्यावर गोळी चालवायचा निर्णय शेतकऱ्याच्या हातात नाहीच.

शिवाय आपल्या जिल्ह्यात आणखी एक पदर आहे. कर्जतजवळचं रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८० चं, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. पण कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाने वन्यजीव विभागाकडे नोंदणी करायची असते आणि तिथे नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय मिळत नाही. अकोल्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, तिथेही हेच. म्हणजे या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या एका बंदुकीवर जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस ठाणं आणि वन विभाग अशा तिघांची नजर. निवडणूक आली की त्यात चौथा येतो.

निवडणुकीत नेमकं काय होतं?

गावात समज असा की ‘आचारसंहिता लागली की सगळ्यांनी बंदुका जमा करायच्या.’ मीही तेच धरून चालले होते. निवडणूक आयोगाच्या सूचना वाचल्या तेव्हा चित्र वेगळं निघालं.

२००९ मध्ये सरसकट शस्त्रं जमा करून घेण्याचा प्रश्न गोव्यातल्या एका याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयासमोर आला. त्यातून छाननी समितीची पद्धत आली. जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक मिळून प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करतात. आयोगाच्या सूचनेत विशेष तपासणीसाठी तीन प्रकारची माणसं सांगितली आहेत: जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले आणि पूर्वी, विशेषतः निवडणुकीच्या काळात, दंगलीत सामील असलेले. छाननीत ज्यांची नावं निघतील त्यांनी उमेदवारी माघारीच्या शेवटच्या दिवसापासून आठवडाभरात शस्त्र जमा करायचं, रीतसर पावती घ्यायची. निकालानंतर एक आठवडा झाला की ते परत करणं ही प्रशासनाची जबाबदारी. बँकांचे सुरक्षारक्षक, स्पर्धांना जाणारे नेमबाज यांच्यासाठी वेगळी सवलत असते.

शस्त्र घेऊन *फिरण्यावर* बंदी हा वेगळा आदेश, आणि शस्त्र *जमा करणं* हा वेगळा. गावात दोन्ही एकच समजले जातात. संशोधकाने तसं करून चालणार नाही.

नियमामागचं कारण खोटं नाही, हेही सांगायला हवं. एप्रिल २०१८ मध्ये महापालिकेच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला त्याच दिवशी नगरच्या केडगावात गोळीबार होऊन शिवसेनेच्या दोन पदाधिकाऱ्यांचा खून झाला. मतदान संपलं म्हणजे धोका संपला असं नाही, हे नगरकरांना कुणी समजावून सांगायला नको. निकालानंतरचा तो आठवडा नियमात आहे तो उगाच नाही. पण एका घटनेवरून ‘सगळ्या परवान्यांचा दोष’ किंवा ‘नियमाचा काही उपयोग नाही’ यातलं काहीच सिद्ध होत नाही.

तारखांचं गणित

आता वही घ्या. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यात दोन मोठ्या निवडणुका झाल्या.

लोकसभा: घोषणा १६ मार्च, माघारीचा शेवटचा दिवस २९ एप्रिल, मतदान १३ मे, निकाल ४ जून.
विधानसभा: घोषणा १५ ऑक्टोबर, माघार ४ नोव्हेंबर, मतदान २० नोव्हेंबर, निकाल २३ नोव्हेंबर.

समजा एखाद्याने घोषणेच्याच दिवशी बंदूक जमा केली आणि निकालानंतर आठवड्याने परत घेतली. लोकसभेला ८७ दिवस, विधानसभेला ४६. एकूण १३३ दिवस.

आता सूचनेप्रमाणे माघारीनंतर आठवड्याने जमा केली असं धरा. लोकसभेला ३६, विधानसभेला १९. एकूण ५५ दिवस.

हे कागदावरचं गणित आहे, मोजलेली माहिती नव्हे. पण फरक बघा: ७८ दिवसांचा. कायदा तोच, वर्ष तेच, बंदूक तीच. फरक फक्त अंमलबजावणीच्या पद्धतीचा. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे खरिपाची काढणी आणि रब्बीची पेरणी. रानडुकराला आचारसंहिता लागू नाही.

यात जिल्हा परिषद, नगरपालिका, ग्रामपंचायत धरलेल्याच नाहीत. त्या राज्य निवडणूक आयोगाकडे येतात, आणि त्यांचं वेळापत्रक वेगळं.

अमेरिकेशी तुलना करावी का?

या विषयावर शोध घेतला की पुढे येतं ते बहुतेक अमेरिकेतलं लेखन. ते वाचा, पण जपून. तिथे शस्त्र बाळगणं हा राज्यघटनेतला हक्क. आपल्याकडे ती सरकारने अटींवर दिलेली परवानगी. तिथे १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरच्या करातून राज्यांच्या वन्यजीव संवर्धनाला पैसा जातो. त्यामुळे शिकारी हा तिथे मतदारगटही आहे आणि संवर्धनाचा देणगीदारही. निवडणुकीत त्याला बंदूक काढून घेतली जाईल अशी भीती *निकालानंतरच्या कायद्याची* वाटते. आपल्याकडे कुठलाही पक्ष आला तरी बंदूक *निवडणुकीपुरतीच* जाते. तिथला प्रश्न धोरणाचा, इथला कॅलेंडरचा.

एक गोष्ट मात्र तिथून जरूर शिका. १९९६ मध्ये तिथल्या संसदेने आरोग्य संस्थेच्या निधीला अशी अट घातली की बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी तो वापरता येणार नाही. संशोधनावर थेट बंदी नव्हती, पण धसका इतका बसला की अनेक वर्षं या विषयावरचं काम आटलं. राजकारण बंदूकधारकावर परिणाम करतं तसं संशोधकावरही करतं.

मग हा प्रश्न अभ्यासायचा कसा?

मी माझी प्रश्नावली बदलली. ‘बंदूक आहे का’ या एका प्रश्नाचे चार झाले: परवाना आहे का, कशासाठीचा, आत्ता बंदूक घरात आहे का, नसेल तर कधीपासून आणि नोटीस आली होती की स्वतःहून दिली.

कागद हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. नावं मागू नका, ती मिळणारही नाहीत आणि मिळूही नयेत. आकडे मागा: हेतूनुसार परवाने किती, छाननीनंतर नोटिसा किती, जमा झालेली शस्त्रं किती. नोटिसांपेक्षा जमा शस्त्रं खूप जास्त निघाली, तर नियम आणि व्यवहार यातली फट तुम्हाला सापडली.

आदेश शोधताना दोन युक्त्या. जुलै २०२४ पूर्वीचे जमावबंदीचे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, नंतरचे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. आणि त्याच वर्षी जिल्ह्याचं नावही अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. एकाच नावाने शोधलंत तर अर्धे कागद निसटतील.

तुलना करताना निवडणुकीचं वर्ष आणि बिननिवडणुकीचं वर्ष, गाव तेच, हंगाम तोच, असं घ्या. तरीही पाऊस आणि पीक बदललेलं असतं, ते नोंदवा. नुकसानीचे पंचनामे वाढले म्हणजे बंदूक नसल्यामुळेच वाढले, असं लिहायची घाई करू नका.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: कुणाच्या घरात बंदूक आहे आणि कधी नसते ही माहिती चोराच्याही कामाची असते. माझ्या वहीत गावांना आता नावं नाहीत, क्रमांक आहेत.

परत गेले तेव्हा बाबांना विचारलं, नोटीस आली होती का? ते म्हणाले, “नोटीस कशाला? दर येळंला देतोच की. नाय दिली तर उगाच डोळ्यावर येतो.”

प्रत्येकाचा स्वतंत्र विचार व्हावा असं नियम म्हणतो, आणि ज्याच्यावर कसलाच संशय नाही तो माणूस संशय नको म्हणून स्वतःच रांगेत उभा राहतो. हे कुठल्याही आदेशात लिहिलेलं नाही. माझ्या जुन्या चौकटींतही त्याला जागा नव्हती. तुमच्या प्रश्नावलीत शेवटी एक मोकळी ओळ नक्की ठेवा.