आठवड्यातला एक तास

शाळेचे वेळापत्रक म्हणजे त्या समाजाच्या इच्छा-आकांक्षांचा ताळेबंदच. गणित, इंग्रजी, विज्ञान यांना रोजचा तास, चित्रकलेला आठवड्यातून एखादा. कॅथलिक संस्थांच्या शाळांत आणखी एक तास असतो. त्या तासाला वर्गाचे दोन भाग होतात. ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाला एका खोलीत जातात, बाकीची मुले नीतिशिक्षणासाठी दुसऱ्या खोलीत बसतात. आमच्या वसईत मी हे लहानपणी पाहिले, पुढे मुलांच्या वेळी पाहिले आणि आता नातवंडांच्या वेळी पाहतो आहे.

ही विभागणी सोयीसाठी असली तरी तिच्यामागे एक तत्त्व आहे. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा अधिकार दिला. त्याआधी २८ व्या कलमाने बजावून ठेवले की, सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कोणालाही संमतीवाचून धर्मशिक्षण घ्यायला लावता येणार नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर ती संमती पालकांची हवी. मला हे बंधन जाचक वाटत नाही. सक्तीने पाठ केलेली प्रार्थना परीक्षेपुरती टिकते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यानेही मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आईवडीलच, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे शाळेचा क्रमांक दुसरा.

पण आज घराघरांत तक्रार ऐकू येते ती शाळेविरुद्धच. 'पोरे देवळात येत नाहीत, आली तरी मागे मोटारसायकलींपाशी उभी राहतात, शाळा काय शिकवते?' आम्ही वसईकर ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. तक्रार करणाऱ्यांना मी एकच हिशेब मांडून दाखवतो. आयुष्यभर बँकेत आकडे जुळवल्याची ही सवय. आठवड्याचे तास १६८. त्यातला एक शाळेने घेतला, एक रविवारच्या मिस्साचा. उरलेल्या १६६ तासांत मुलाने घरी काय पाहिले?

आणि शाळेतही त्या एका तासापेक्षा बाकीचे तासच जास्त शिकवतात. आमच्या शाळेत एक धर्मभगिनी होत्या. निकालाच्या दिवशी संध्याकाळी त्या नापास झालेल्या मुलांच्या घरी चालत जायच्या. वाडीतला मुलगा असो की कोळीवाड्यातला, ख्रिस्ती असो की हिंदू. बापाचा हात उगारला जाण्याआधी सिस्टर ओट्यावर येऊन बसलेल्या असत. शंभरातले हरवलेले एक मेंढरू शोधायला निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट त्यांनी आम्हाला वर्गात शिकवली होती. त्यांचे शब्द आता कोणाला आठवत नाहीत. त्या कोणाकोणाच्या ओट्यावर बसल्या, ते मात्र माझ्या वर्गातले सगळे आजही सांगतील.

दुसरे उदाहरण सर्वांना ठाऊक असलेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल मराठीत आणले आणि त्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैत ते गेले. परंतु माझ्या पिढीने त्यांना आधी पाहिले ते हरित वसईच्या चळवळीत, पाणी आणि झाडे वाचवण्यासाठी सत्ता आणि पैसा यांच्यासमोर उभे राहिलेले. 'शेजाऱ्यावर प्रीती करा' हा धडा ज्यांनी असा पाहिला, त्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही.

आता दुखरी बाजू. वसईतल्या आमच्या पिढीची शाळा मराठी आणि प्रार्थनाही मराठी. घरात सामवेदी नाहीतर वाडवळी बोली. आज ख्रिस्ती पालक मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. नोकरीच्या बाजारात इंग्रजीला किती भाव आहे ते मी भरतीच्या मुलाखती घेताना पाहिले आहे. पण त्याची किंमत संध्याकाळी कळते. जपमाळेची प्रार्थना दोन भागांत म्हणतात, पुढची अर्धी एकाने, मागची अर्धी बाकीच्यांनी. आमच्या घरी आजी मराठीत सुरुवात करते आणि नातू उरलेली अर्धी इंग्रजीत पुरी करतो. देवाला दोन्ही कळत असेल. पण आजी आणि नातू यांच्यामध्ये काहीतरी तुटते आहे, हे मला कळते.

चारशे वर्षांपूर्वी याच प्रश्नातून एक ग्रंथ जन्मला. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधला जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. ओव्या अकरा हजारांच्या आसपास. त्याची सुरुवात होते ती मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात! साष्टीत पाद्री मुलांना शिकवत असताना एक ब्राह्मण येतो आणि विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत असे काही का देत नाही? स्टीफन्सने त्या माणसाला गप्प बसवले नाही. त्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून पुराण रचले.

आजच्या मुलांचे प्रश्न वेगळे आहेत. देव आहे कशावरून? माझा मित्र हिंदू आहे, तो स्वर्गात जाणार नाही का? धर्मगुरूच चुकले तर? असे प्रश्न विचारणारा मुलगा बिघडलेला नसतो. तो त्या तासाला खऱ्या अर्थाने हजर असतो. बिघडलेला म्हणायचाच तर तो तास, जिथे पाठ केलेले उत्तर दिल्यावर गुण मिळतात आणि प्रश्न विचारल्यावर पालकांना बोलावले जाते.

म्हणून शाळांकडे माझ्या तीनच मागण्या आहेत. धर्मशिक्षणाला गुण नकोत. माध्यम कोणतेही असो, रोजच्या प्रार्थना मुलांना घरच्या भाषेतही आल्या पाहिजेत. आणि महिन्यातून एकदा त्या दोन खोल्यांमधली भिंत काढावी. ख्रिस्ती मुलांनी आपला सण सांगावा, बाकीच्यांनी आपापला. शेजाऱ्याला समजावून सांगता आली, की श्रद्धा आपल्यालाही नीट कळू लागते. उरलेल्या १६६ तासांची जबाबदारी मात्र शाळेवर टाकू नये. ती आपली, आईबापांची आणि आजीआजोबांची आहे.