लेखांक ५ : रिप्रेसरची पकड सुटते तेव्हा

मागच्या आठवड्यात लॅक रिप्रेसर डीएनएवर कसा बसतो ते पाहिलं. आज त्याच जातकुळीचं काम करणारा, म्हणजे डीएनएवर बसून जनुक बंद ठेवणारा, दुसरा रिप्रेसर पाहू. त्याचा संबंध थेट सटाणा, देवळा, मालेगावच्या डाळिंब बागांशी येतो.

डाळिंबावरचा तेल्या हा झॅन्थोमोनास नावाच्या जिवाणूचा रोग. तो दिसला की बागायतदार स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी कॉपर ऑक्सिक्लोराइडसोबत फवारत आले. या पुडीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसीन आणि एक भाग टेट्रासायक्लीन असतं. आपला विषय त्या एका भागात आहे, कारण फवारा फळावर पडतो तसा खालच्या मातीवरही पडतो, आणि मातीत तेल्याखेरीज असंख्य जिवाणू राहतात.

टेट्रासायक्लीन जिवाणूचं प्रथिनं बनवण्याचं काम थांबवतं. काही जिवाणूंकडे मात्र हे औषध पेशीबाहेर फेकणारा पंप असतो, टेट-ए. हा पंप फार झाला तर पेशीच्या पटलाचंच नुकसान होतं आणि जिवाणूची वाढ खुंटते. म्हणून त्याच्या जनुकाशेजारी टेट-आर हा रिप्रेसर बसलेला असतो. २०७ अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्यांची ही जोडी. प्रत्येक साखळीचं एक टोक डीएनएच्या खाचेत शिरतं आणि तिथली अक्षरं ओळखतं. टेट्रासायक्लीन मॅग्नेशियमसह या प्रथिनाच्या पोटात शिरलं की दोन टोकांमधलं अंतर वाढतं, ती खाचांत मावत नाहीत, आणि पंपाचं जनुक मोकळं होतं. औषध नसताना पंप जवळपास बंदच, त्यामुळे प्रतिकारशक्ती बाळगायला जिवाणूला फारसा खर्च येत नाही. फवारणी थांबली तरी असं जनुक मातीतून लगेच हद्दपार होत नाही, ते याचमुळे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने स्ट्रेप्टोमायसीन-टेट्रासायक्लीनचा शेतीतला वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. बागायतदाराची अडचण खरी आहे, तरीही माणसाच्या दवाखान्यात लागणारी औषधं झाडावर फवारू नयेत, असंच माझं ठाम मत आहे.

आता उत्परिवर्तन. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून त्याला धरणाऱ्या टोकांत धन भाराची आर्जिनिन, लायसिन ही अमिनो आम्लं मोक्याच्या जागी असतात. त्यातलं एक बदललं तरी पकड ढिली पडू शकते. शिवाय रिप्रेसर जोडीने काम करतो. पेशीत एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत असेल, तर मिश्र जोड्या बनतात आणि चांगली साखळीही वाया जाते.

परिणाम मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा. टेट-आर बिघडला तर पंप अखंड चालतो आणि औषध नसलेल्या मातीत तो जिवाणू मागे पडतो. ई. कोलायमधला ॲक्र-आर हा टेट-आरच्याच कुळातला. तो बिघडला तर अनेक औषधं बाहेर फेकणारा पंप वाढतो. सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणाऱ्या, रुग्णांमधून आणि जनावरांमधून मिळालेल्या ई. कोलायमध्ये ॲक्र-आरच्या ४५ व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन आढळलं आहे. ही जागा डीएनए धरणाऱ्या भागातच येते. एकाला जड जाणारा बिघाड दुसऱ्याला दवाखान्यात तारून नेतो.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो १९९५ चा प्रयोग. जर्मनीत हायडेलबर्गला हेरमान बुयार्ड यांच्या गटाने टेट-आरचं एक उलटं रूप वापरलं. चार अमिनो आम्लं बदलल्यावर हा रिप्रेसर औषध आलं की डीएनएला धरू लागला आणि औषध नसलं की सोडू लागला. डॉक्सिसायक्लीन देऊन उंदरातलं हवं ते जनुक चालू करण्याची सोय प्रयोगशाळांना त्यातूनच मिळाली. हे बदल ७१, ९५, १०१ आणि १०२ या जागांवर आहेत, आणि डीएनए धरणारा भाग साधारण पहिल्या पन्नासातच संपतो. म्हणजे चारपैकी एकही जागा डीएनएला टेकत नाही. इतक्या दूरचा बदल टोकांपर्यंत कसा पोचतो, ते पुढच्या आठवड्यात.