बारा तुकड्यांचं कडं: फट येते कुठून?

लाकडी तुकडे जोडून लेथवर कातलेल्या नक्षीदार वाडग्यांचं मला वेड आहे. त्यात खरी परीक्षा लेथवर होत नाही, ती आधीच टेबल सॉवर झालेली असते.

बारा तुकड्यांच्या कड्यासाठी प्रत्येक टोक १५ अंशांत कापायचं. तुकडे बारा, म्हणजे काप चोवीस. प्रत्येक काप फक्त ०.१ अंशाने चुकला तरी कडं जुळवताना २.४ अंशांची फट उरते. करवतीवरच्या कोनाच्या खुणांवर विसंबलात तर संपलंच!

यावर भारी उपाय म्हणजे दोन आडपट्ट्यांची सरकती स्लेड. दोन पट्ट्यांमध्ये ३० अंशांची अचूक पाचर धरून त्या आवळायच्या आणि पाचर काढून घ्यायची. तुकड्याचं एक टोक एका पट्टीला टेकवून कापायचं, दुसरं दुसरीला. एक कोन १४.९ झाला तर दुसरा आपोआप १५.१ होतो, बेरीज ३०च. सेटिंग थोडं तिरकं असलं तरी कडं मिटतं. (भूमितीची ही करामत मला महागड्या यंत्रापेक्षा जास्त आवडते.)

तुकड्याची लांबी? बाहेरचा व्यास गुणिले टॅन १५ अंश. २०० मिमीच्या कड्याला साधारण ५३.६ मिमी. कडी एकावर एक चिकटवताना विटांसारखे सांधे चुकवा.

आणि कापलेला तुकडा पातं आणि स्टॉप (लांबी ठरवणारा ठोकळा) यांच्या मध्ये अडकू देऊ नका, तो गोळीसारखा उडतो. पातं पूर्ण थांबल्यावरच उचला.

शिसम आणि मेपल एकत्र करून बघा, फोटो टाका!