लोंबतं छत

नार्नूरच्या उन्हाने बाबांच्या अ‍ॅम्बॅसिडरच्या छताचं रेक्झिन लोंबू लागलं. मागे बसलेल्या आईच्या डोक्याला ते लागे. बीदरला माहेरी निघालो की ती म्हणे, "नको रे, बसनेच जाऊ." मी गोंदाने चिकटवलं, आठवड्यात सुटलं.

शेवटी कुशनवाल्याने समजावलं, "सर, हे छत आडव्या तारांवर ताणलेलं असतं." तारा काढताना त्याने क्रमांक घातले, कारण प्रत्येकीचा बाक वेगळा. जुन्या रेक्झिनच्या मापाने नवं शिवलं, उन्हात मऊ केलं, मग मधून कडेकडे ताणलं.

अ‍ॅम्बॅसिडर २०१४ साली निघायची थांबली. पण शिवणारे हात आहेत, तोवर जुनी गाडी मोडीत काढू नका. परवा आई गाडीनेच माहेरी गेली. मामा छताकडे बघून म्हणाले, "छलो आगेद!"