दवाखान्यातील शब्द समजून घ्या

जतच्या ग्रामीण रुग्णालयातून मिरज-सांगलीची चिठ्ठी मिळाली की घरची माणसे हबकतात, हे आम्ही नेहमी पाहतो. ‘रेफर’ म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले असे नव्हे. पुढील उपचारासाठी मोठ्या रुग्णालयात पाठविणे. ‘ओपीडी’ म्हणजे दाखल न होता तपासणी. ‘फास्टिंग’ म्हणजे निदान आठ तास उपाशी राहून तपासलेली रक्तातील साखर. आधी गोड चहा घेतला की आकडा चुकतो. ती दोनदा १२६ किंवा अधिक भरली तर मधुमेह समजतात. बाबासाहेबांनाही हाच आजार होता. ‘संमतीपत्र’ म्हणजे उपचार आणि त्यातील धोके समजल्यावर दिलेला होकार. न समजता अंगठा उठवू नका. बंधू-भगिनींनो, शिकलेल्या मुला-मुलींकडून कागद वाचून घ्या. डॉक्टरांना अर्थ विचारायला लाजू नका. तो आपला हक्कच आहे.